पाठ संपतो, दिवस उरतो

पाठाच्या दिवशी वर्गाला सकाळपासूनच वास लागलेला असतो. भिंतीवर नवाकोरा तक्ता, टेबलावर रुमालाखाली झाकलेलं काहीतरी, फळ्याच्या कोपऱ्यात रेघ मारून लिहिलेला दिनांक आणि पट, आणि नवे सर सारखे पाणी पिताहेत. निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत माझ्या तिसरीच्या वर्गावर असाच एक पाठ चालू होता. विषय होता पाण्याचे उपयोग. निरीक्षक प्राध्यापक मागच्या बाकावर टेकले, सरांनी पहिला प्रश्न टाकला, आणि पुढच्या रांगेतल्या एका पोरानं हात वर करून अगदी मनापासून विचारलं, ‘‘सर, कालचंच उत्तर सांगू का?’’

निरीक्षक हसले, सर घामाघूम झाले, पण पाठ निभावला. वहीत ‘समाधानकारक’ असा शेरा पडला आणि निरीक्षक पुढच्या शाळेकडे गेले. त्यानंतर पाऊस आला. मैदानावरचा खेळाचा तास वर्गात घ्यावा लागला. शेजारच्या वर्गाच्या बाई बी.ई.ओ., म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात माहिती द्यायला गेल्या होत्या, त्यामुळे दुसरीची मुलंही आमच्याच खोलीत आली. एकाला उलटी झाली. दोघी पेन्सिलीवरून भांडल्या. आणि अर्ध्या तासापूर्वी पाण्याचे आठ उपयोग मुलांकडून काढून घेणारा तो हुशार छात्राध्यापक माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, ‘‘मॅडम, आता काय घेऊ?’’

पुढं नोकरीत वर्षानुवर्षं अनेक छात्राध्यापक माझ्या वर्गात येऊन गेले. काही अप्रतिम होते, काही फक्त वही भरायला आलेले. पण हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकदा तरी दिसला. आपलं शिक्षक-प्रशिक्षण पाठ घ्यायला शिकवतं. शाळा मात्र नव्या शिक्षकाच्या हातात दिवस ठेवते, साडेपाच-सहा तासांचा आख्खा दिवस, आणि त्याला जोडलेलं वर्ष. दिवस चालवायला कोण शिकवतं, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

पाठाच्या टाचणाची थट्टा करणं सोपं आहे, मला ती करायची नाही. उद्दिष्ट, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, प्रतिपादन, उपयोजन ही उतरंड एकोणिसाव्या शतकातल्या हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या शिष्यांनी रचली आणि फिरत फिरत आपल्याकडे पंचपदी म्हणून स्थिरावली. १९६३च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाची पद्धत निघाली. पाच-दहा मिनिटांत, मोजक्या मुलांसमोर, एकच कौशल्य घोटायचं: प्रश्न विचारणं, फळ्यावर लिहिणं, उदाहरण देणं. दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत. पण एक भाकरी टम्म फुगवता येणं वेगळं आणि पंधरा माणसांचं घर रोज वेळेवर जेवू घालणं वेगळं. दुसऱ्या कामात पीठ किती भिजवायचं, चूल कधी पेटवायची, कोण आजारी आहे, कोण रुसलंय, हे सगळं येतं. टाचणात या गोष्टींना रकाना नाही.

आणि गडबडलं की माणूस कशाचा आधार घेतो? डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये लिहून ठेवलं की शिक्षक होणारा माणूस आधी बारा-पंधरा वर्षं विद्यार्थी म्हणून शिक्षकांकडे बघत बसलेला असतो आणि तीच त्याची खरी उमेदवारी ठरते. आमच्या भाषेत सांगायचं तर ऐनवेळी अंगात जुने मास्तर येतात. ‘बालमानसशास्त्र’ या विषयात उत्तम गुण मिळवलेली मुलगी खोलीत गोंगाट झाला की क्षणात म्हणते, ‘हाताची घडी, तोंडावर बोट.’ हे तिला कॉलेजात कोणी शिकवलेलं नसतं. तिच्या दुसरीच्या बाई बोलत असतात.

उमेदवारी हा शब्द आपल्याकडे सुताराच्या, सोनाराच्या, वकिलाच्या धंद्यात जिवंत आहे. शिकवण्याच्या धंद्यातही तो एकेकाळी होता. गावठी शाळांत थोरली पोरं धाकट्यांना अक्षरं गिरवायला लावत. ही रीत मद्रासेत पाहून अँड्र्यू बेल यांनी १७९७ मध्ये इंग्लंडात तिच्यावर पुस्तिका छापली आणि तिथल्या गरिबांच्या शाळांत ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. स्वस्तात मुलं शिकवण्याची युक्ती म्हणून ती नेली गेली, पण तिच्यात एक शहाणपण होतं. शिकवणं हे शिकवत असलेल्या माणसाच्या शेजारी बसून शिकता येतं.

मराठी मुलखात प्रशिक्षित शिक्षकाचा आग्रह आवर्जून धरला तो फुले दांपत्यानं. सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतल्याचं त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवा, त्याला किमान बारा रुपये पगार हवा, असं तर म्हटलंच. शिवाय वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा, समाजाच्या खालच्या थरांत सहज मिसळणारा माणूस शिक्षक हवा, असंही मांडलं. ही दुसरी अट आजही प्रशिक्षणाच्या कुठल्या नियमावलीत मला सापडत नाही. निपाणीसारख्या गावात ती पहिली असायला हवी.

कारण निपाणी म्हणजे तंबाखू. वखारी, पेठ, अडते आणि घरोघरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी इथंच हमरस्त्यावर ठाण मांडलं, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मेले. गावाच्या आठवणीत ते वर्ष कोरलेलं आहे. पण वर्गात तंबाखू वेगळ्या वाटेनं येते. माझ्या दुसरीतली एक मुलगी पुस्तकातल्या बेरजेला अडायची आणि पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर हे मात्र न थांबता म्हणायची. तिच्या घरी विड्यांच्या जुड्या पंचवीसच्या बांधल्या जायच्या. हे कळायला मला आठ महिने लागले. तीन आठवड्यांसाठी आलेल्या एका छात्राध्यापिकेला ते चौथ्या दिवशी कळलं, कारण ती स्वतः विडी कामगाराची मुलगी होती. तिनं काड्यांच्या जुड्या बांधून बेरीज घेतली. टाचणात तिनं ‘शैक्षणिक साहित्य : काड्या’ एवढंच लिहिलं. निरीक्षकांनी त्यावर ‘आणखी आकर्षक साहित्य हवे’ असा शेरा मारला. असो.

सीमाभागाची गोष्ट इथं दुहेरी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणीसह बेळगाव जिल्ह्याचा बहुतेक भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तोवर निपाणीचा आणि कागलचा मास्तर एकाच पद्धतीत घडत होता: व्हर्नाक्युलर फायनल, मग ट्रेनिंग कॉलेज, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाच्या शिक्क्यानं ठरणारा त्याचा दर्जा. सीमा आखली गेली आणि घडणीच्या वाटा दोन झाल्या. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. तो अजून चालू आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त वर्गाच्या उंबऱ्यावरून बघते आहे.

निपाणीत उभं राहिलं की हा उंबरा पायाखाली लागतो. देवचंद कॉलेज निपाणीकरांचंच, पण ते अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. मुलं चालत दुसऱ्या राज्यात शिकायला जातात आणि संध्याकाळी चालत कर्नाटकात परततात. बारावीनंतर शिक्षक व्हायचं ठरवलेल्या मुलीपुढं मग दोन रस्ते. महाराष्ट्रात मराठीतून डी.एल.एड. करावं, म्हणजे पूर्वीचं डी.एड. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्र सरकारनं प्रवेशात आणि नोकरीत दारं किलकिली ठेवली आहेत. नाहीतर कर्नाटकात, पूर्वी टी.सी.एच. म्हणत ती पदविका करावी, जिथं शिक्षणशास्त्राची भाषा, सूचना, कार्यशाळा सगळं बहुधा कन्नड.

पहिल्या रस्त्यानं आलेल्यांना मराठी फळा सहज साधतो, पण शाळा हाताळता येत नाही. ऑफिसातून ‘सुत्तोले’, म्हणजे परिपत्रक, आलं की ते कन्नडमध्ये. सी.आर.पी., म्हणजे केंद्र पातळीवरचे मार्गदर्शक, बोलतात कन्नडमध्ये. मुलांची माहिती ऑनलाइन भरायची तीही तशीच. २०१५ च्या कायद्यानं पहिलीपासून प्रत्येक शाळेत कन्नड हा विषय आहेच, आणि दोन शिक्षकी शाळेत त्यासाठी वेगळा शिक्षक कुठून येणार? दुसऱ्या रस्त्यानं आलेल्यांची अडचण उलटी. घरात मराठी बोलणारी, पण दोन वर्षं सगळं कन्नडमध्ये शिकलेली एक मुलगी माझ्या वर्गात गणित घेताना फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून गेली ‘व्यवकलन’. मुलं बघत राहिली. मग मागून एक आवाज आला, ‘‘बाई, वजाबाकी म्हणा की!’’ त्या ‘की’तच आमची सीमा आहे. शब्द मराठी आणि हेल कन्नड.

मात्र या दोन भाषांकडे फक्त अडचण म्हणून बघणं मला पटत नाही. एक उदाहरण देते. मराठी मुलं त्रेपन्न ऐकून ३५ लिहितात. आळस नसतो. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी. कन्नडमध्ये त्रेपन्नला ‘ऐवत्तमूरु’ म्हणतात, पन्नास-तीन. जसं बोलायचं तसंच लिहायचं. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ असं संख्यावाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर तेव्हा समजावून सांगत होत्या की दक्षिणेतल्या भाषांत असंच म्हणतात आणि मुलांना ते सोपं जातं. वाद पुण्या-मुंबईत रंगला. आमच्या गल्लीत कन्नड शेजारणीच्या मुलाबरोबर गोट्या मोजणारी पोरं ही युक्ती कधीचीच वापरत होती. दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक इथं जे करू शकतो ते एका भाषेतला करू शकत नाही. पण त्यासाठी प्रशिक्षणात कोणीतरी त्याला सांगायला हवं की तुझ्या दोन भाषा हे तुझं भांडवल आहे. मला भेटलेल्या छात्राध्यापकांपैकी कोणालाही ते सांगितलं गेलं नव्हतं. त्यांना दुसरी भाषा म्हणजे पास व्हायचा एक पेपर एवढंच माहीत होतं.

राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं कलम ३५० (अ) आलं. अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी, असं ते सांगतं. त्याआधी १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत आकडाही ठरला होता: शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुलं असली की त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. शिक्षक द्यायचा हे ठरलं. तो शिक्षक कुठं, कोणत्या भाषेत, कोणाच्या हाताखाली तयार व्हायचा, हा पुढचा प्रश्न तिथंच राहिला. कर्नाटक आजही मराठीसह सात माध्यमांतून पाठ्यपुस्तकं काढतं, ही छोटी गोष्ट नाही. पुस्तक छापता येतं. शिक्षक छापता येत नाही.

हा प्रश्न ज्यांनी देशाच्या पातळीवर सर्वात नीट मांडला ते आमच्याच टापूतले होते. जे. पी. नाईक आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे. धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरीत त्यांनी ग्रामसेवेचं काम केलं, म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही खेडी त्यांना आतून माहीत. निपाणीहून मुदाळ तिट्ट्याच्या रस्त्यानं गेलं की लागणाऱ्या गारगोटीत त्यांनी मौनी विद्यापीठ उभं करण्यात वाटा उचलला. आणि १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. त्या अहवालानं शिक्षक-प्रशिक्षणाच्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं: अध्यापक विद्यालयं एकटी पडली आहेत. विद्यापीठापासून तुटलेली, शाळांपासून तुटलेली, एकमेकांपासूनही तुटलेली. साठ वर्षं होत आली. पहिल्या तुटलेपणावर थोडंफार काम झालं, तिसऱ्यासाठी परिसंवाद होतात. मधलं, शाळेपासूनचं, तसंच आहे.

नियमांत मात्र प्रगती आहे. १९९३ च्या कायद्यानं राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद आली. २०१४ च्या तिच्या नियमावलीनं दोन वर्षांच्या डी.एल.एड.मध्ये किमान २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता सांगितली, त्यातले काही आठवडे नियमित शिक्षकाचा वर्ग नुसता पाहण्यासाठी. पूर्वीच्या मोजून घेतलेल्या सराव पाठांच्या मानानं ही मोठीच उडी. ही सुधारणा यायच्या आधी काय घडलं होतं तेही लक्षात ठेवायला हवं. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रात डी.एड. कॉलेजांचं पीक आलं. जिथं एस.टी. जात नाही तिथंही डी.एड. निघालं, असं आम्ही हसत म्हणायचो. त्यांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. मग भरती थांबली, कॉलेजं ओस पडली. आता २०२० चं राष्ट्रीय धोरण २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्म बी.एड. हीच किमान पात्रता करू म्हणतं. कर्नाटकानं ते धोरण बाजूला ठेवून प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःचा आयोग नेमला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यानं पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषा माध्यम असावं अशी शिफारस केली. सीमाभागातल्या मुलीला शिक्षक व्हायचं तर दोन राज्यांच्या दोन धोरणांच्या मधल्या फटीतून वाट काढायची आहे.

वीस आठवडे कागदावर आले, पण त्या वीस आठवड्यांत शाळेत कोण काय करतं? मी जे पाहिलं ते असं. शाळेत माणसं कमी असतात. छात्राध्यापक आले की हेडमास्तरांना हायसं वाटतं. ज्या वर्गाला शिक्षक नाही तिथं एकाला उभं करतात. त्याला स्वतंत्रपणे काम मिळतं, पण त्याला स्वातंत्र्य म्हणणं म्हणजे विहिरीत ढकलून पोहणं शिकवलं म्हणण्यासारखं आहे. किंवा उलटं होतं: वर्गशिक्षक वर्ग सोडतच नाहीत, अभ्यासक्रम मागं पडेल म्हणून. मग पाहुण्यानं फक्त ठरलेले पाठ घ्यायचे, उरलेल्या वेळात तक्ते रंगवायचे, परिपाठात सुविचार सांगायचा. दोन्हीकडे हळूहळू हाती सोपवणं नाही.

कर्नाटकात हे आणखी ठळक दिसतं, ते नली-कली पद्धतीमुळे. आनंदानं शिका, असा त्या कन्नड शब्दांचा अर्थ. पहिली ते तिसरीची मुलं एकत्र, शिडीवरच्या पायरीप्रमाणे प्रत्येकाचं कार्ड वेगळं, गट वेगळे. एका गटाला शिक्षकाची पूर्ण मदत, एकाला थोडी, एक गट सोबत्यांच्या मदतीनं, एक पूर्णपणे आपला आपण. फळे भिंतीला खाली, मुलांच्या हाताला येतील असे. तिथं ‘मुलांनो, आज आपण’ म्हणून सुरुवात करताच येत नाही, कारण ‘आपण’ ठिकठिकाणी विखुरलेले असतो. पस्तीस मिनिटांचा एकपात्री पाठ घोटून आलेला मुलगा तिथं पहिल्या दिवशी अक्षरशः उभा कुठं राहायचं हे शोधत फिरतो. गंमत अशी की नली-कली जन्माला आली तीच उमेदवारीतून. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातले काही शिक्षक आंध्रात ऋषी व्हॅलीच्या खेड्यातल्या शाळा बघायला गेले, त्या वर्गांत बसले, परत येऊन आपल्या वर्गात करून बघितलं. २००९ मध्ये ती राज्यभर आदेशानं पोहोचली. आदेशाबरोबर कार्डं आली. शेजारी बसणं आलं नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे काय मागतो, ते आठवतं. एक वर्ग, एक वर्षासाठी, स्वतःच्या जबाबदारीवर. एक तास त्यानं मागितला नाही. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं अनुताई वाघांसह कोसबाडला गेल्या. तिथं शिकायला येणाऱ्या बायांना आदिवासी पाड्यावरच्या मुलांची आंघोळ, नखं, गाणी, कुरणात गुरांमागं जाणाऱ्या पोरांची शाळा, सगळंच करावं लागे. प्रशिक्षण आणि बालवाडी यांच्यात भिंत नव्हती.

भिंत नसणं ही काही फक्त ध्येयवेड्यांची चैन नाही. फिनलंडमध्ये १८६३ साली युव्हॅस्कुला इथं उनो सिग्नेयुस यांनी पहिलं अध्यापक विद्यालय काढलं. आज तिथल्या विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत आणि तिथल्या वर्गशिक्षकाच्या कामातच छात्राध्यापकाला घडवणं येतं. जपानात १९८९ पासून नव्या शिक्षकाला नोकरीचं पहिलं वर्ष अनुभवी मार्गदर्शक शिक्षकाबरोबर काढावं लागतं. शिवाय एकाचा पाठ सगळ्यांनी पाहून त्यावर चर्चा करायची त्यांची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे, आणि त्या चर्चेत शिक्षकाला नव्हे, पाठाला फाडतात. इंग्लंडनं सप्टेंबर २०२१ पासून दोन वर्षांची सुरुवातीची उमेदवारी सक्तीची केली: ठरलेला मार्गदर्शक, आणि तासिका थोड्या कमी, पहिल्या वर्षी दहा टक्के, दुसऱ्या वर्षी पाच. तिथंही तक्रारी आहेतच, कागद फार म्हणून. पण नवा माणूस एकटा पडू नये ही जबाबदारी कोणाची तरी आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं काढावी लागतात. प्राथमिकच्या सेवकाचं मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झालं. पैशांबद्दल भांडण झालं ते रास्तच होतं. पण तीन वर्षांची उमेदवारी कोणाच्या हाताखाली, हा प्रश्न त्या भांडणात कोणी विचारला नाही. कर्नाटकातल्या अतिथी शिक्षकाचं तर वर्ष संपलं की नातं संपतं. आणि टी.ई.टी., म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा? दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, चार पर्याय. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिकला बी.एड. चालणार नाही असं सांगितलं. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कसब आहे हे त्यामुळे मान्य झालं, याचा मला आनंद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सेवेत असलेल्यांनाही टी.ई.टी. लागू झाली, निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना तेवढी सूट. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर तेव्हापासून प्रश्नसंचांचा पाऊस आहे. त्यातला एक प्रश्न मी पाहिला: ‘वर्गात गोंधळ झाल्यास शिक्षकाने प्रथम काय करावे?’ चारही पर्याय बरोबर वाटत होते. प्रत्यक्ष वर्गात चारही चुकले असते.

या सगळ्यात एक माणूस कायम चौकटीबाहेर राहतो. ज्याच्या वर्गात छात्राध्यापक येतो तो वर्गशिक्षक. मी पाहिलेल्या आंतरवासितेच्या वह्यांत कॉलेजच्या निरीक्षकाची सही असते, मुख्याध्यापकांचा शिक्का असतो. वर्गशिक्षकासाठी ओळ नव्हती. त्याला विचारलं जात नाही, कळवलं जातं, तेही सकाळी प्रार्थनेच्या वेळी. त्यासाठी त्याला वेळ मिळत नाही, मोबदला नाही, प्रशिक्षणही नाही. तरी छात्राध्यापकानं दिवस कसा चालवायचा हे दाखवू शकणारा तो एकटाच आहे, कारण दिवस त्याचा आहे.

माझी पद्धत मला कोणी शिकवली नाही, ती खुर्चीनं शिकवली. नवी मुलगी आली की पहिला आठवडा तिची खुर्ची माझ्या टेबलाशेजारी. तिनं फक्त बघायचं आणि रोज तीन मुलांबद्दल एकेक ओळ लिहायची. कोण कोणाशेजारी बसतं, कोण डबा लपवून खातं, कोण कधीच प्रश्न विचारत नाही. दुसऱ्या आठवड्यात एक गट तिचा, पाच-सहा मुलं, आणि तो गट आठवडाभर तिचाच. मग एक विषय, सलग, म्हणजे काल शिकवलेलं आज मुलं विसरली आहेत हे तिला सोसावं लागतं. एकट्या पाठात हे कधीच सोसावं लागत नाही. मग मधल्या सुट्टीपर्यंतचा वेळ. बिसियूटाच्या, म्हणजे दुपारच्या गरम जेवणाच्या रांगेसकट, कारण रांगेत कोण मागं राहतं त्यावरून मुलांचं पुष्कळ कळतं. या काळात माझी खुर्ची मागच्या बाकाजवळ. नंतर दारापाशी. नंतर व्हरांड्यात, पाठ वर्गाकडे.

शेवटच्या आठवड्यात मी ऑफिसात बसायचे. ते सगळ्यात अवघड असायचं, तिला नव्हे, मला. एकदा पावसाळ्यात व्यवकलनवाली मुलगी वर्गावर होती. तासभर शांतता, मग एकदम कल्ला. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, आणि पुन्हा बसले. कल्ला वाढला, मग त्याला ताल आला. टाळ्या. मराठीत एकदा, कन्नडमध्ये एकदा, पोरं उलटे आकडे म्हणत होती: पन्नास, ऐवत्तु, एकोणपन्नास, नलवत्तोंबत्तु. कोणीतरी एकोणचाळीसवर चुकलं, सगळी हसली, पुन्हा पन्नासपासून सुरू केलं.

शिपाईमामांनी घंटा द्यायला हातोडी उचलली होती. मी त्यांना हातानं थोडं थांबायला सांगितलं.